एका मताचे मूल्य १७५

१८ जुलै २०२२ रोजी मुंबईच्या विधान भवनात आमदारांनी राष्ट्रपतिपदासाठी मतदान केले. प्रत्येकाच्या हाती गुलाबी मतपत्रिका आली आणि सोबत निवडणूक आयोगाने पाठवलेले जांभळ्या शाईचे पेन. खासदारांची मतपत्रिका हिरवी असते. उमेदवाराच्या नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा, एवढेच काम. आकडा देवनागरी चालतो, रोमन चालतो, कोणत्याही भारतीय भाषेतला चालतो. पण ‘एक’ असे अक्षरांत लिहिले तर चालत नाही. आयोगाचे पेन बाजूला ठेवून खिशातले पेन वापरले तर मत बाद होऊ शकते. मतदान संपल्यावर राज्याराज्यांतून सीलबंद पेट्या विमानाने दिल्लीला गेल्या, तेव्हा पेटीसाठी वेगळे तिकीट काढून अधिकाऱ्याच्या शेजारचे आसन राखून ठेवलेले होते.

महाराष्ट्राच्या आमदाराने लिहिलेल्या त्या एका आकड्याचे मूल्य होते १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, तमिळनाडूच्या आमदाराचे १७६, गोव्याच्या आमदाराचे २०, सिक्कीमच्या आमदाराचे ७. खासदार कुठलाही असो, त्याचे ७००. एकाच दिवशी, एकाच पदासाठी दिलेल्या मतांत एवढा फरक कशासाठी, हा या पुस्तकाचा पहिला प्रश्न. नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर एका सूत्रात उरकलेले असते. विद्यार्थी सूत्र पाठ करतो, गुण मिळवतो आणि त्यामागे केवढा वाद होता हे त्याला कळतच नाही. तो वाद, त्याचे पुढे काय झाले आणि आज तो पुन्हा कुठे येऊन ठेपला आहे, हे मराठीत एका ठिकाणी यावे म्हणून हा लेखसंग्रह तयार केला.

वादाची सुरुवात घटना समितीत झाली. राष्ट्रप्रमुख कोणी निवडायचा? लोकांनी, संसदेने, की आणखी कोणी? मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शाह यांचे म्हणणे स्पष्ट होते: राष्ट्रपती प्रौढ मतदारांनी थेट निवडावा. लोकांच्या नावाने राज्य करणाऱ्या देशाचा प्रमुख लोकांच्याच मतातून यावा, नाहीतर तो सत्ताधारी पक्षाच्या मर्जीतला माणूस होईल, ही त्यांची भीती. उलट बाजूला पंडित नेहरू आणि डॉ. आंबेडकर होते. कोट्यवधी मतांनी निवडून आलेल्या माणसाला आपण काही अधिकारच देणार नसू, तर एवढी मते त्याला मिळवायला लावणे विसंगत आहे, असे नेहरूंचे म्हणणे. आंबेडकरांनी मतदारांच्या प्रचंड संख्येकडे आणि तेवढ्या मोठ्या निवडणुकीसाठी लागणाऱ्या यंत्रणेकडे बोट दाखवले. शिवाय आपला राष्ट्रपती हा इंग्लंडच्या राजासारखा घटनात्मक प्रमुख आहे, अमेरिकेच्या अध्यक्षासारखा कारभारी नव्हे, हे ते वारंवार सांगत होते. शाह यांची दुरुस्ती फेटाळली गेली.

पण नेहरू आणि आंबेडकर यांना संसदेने एकटीने निवडलेला राष्ट्रपतीही नको होता. संसदेत ज्याचे बहुमत त्याचाच पंतप्रधान आणि त्याचाच राष्ट्रपती, अशी अवस्था झाली असती. म्हणून राज्यांच्या विधानसभा मतदार झाल्या. अनुच्छेद ५४ आणि ५५ यांचा खरा अर्थ या तडजोडीत आहे. संसदेचे निवडून आलेले सदस्य एका पारड्यात, सर्व विधानसभांचे निवडून आलेले सदस्य दुसऱ्या पारड्यात, आणि दोन्ही पारडी समान. राज्याची लोकसंख्या भागिले तिथल्या निवडून आलेल्या आमदारांची संख्या, पुन्हा भागिले १०००: हे आमदाराचे मतमूल्य. सगळ्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज भागिले निवडून आलेल्या खासदारांची संख्या: हे खासदाराचे. २०२२ मध्ये ४,०३३ आमदारांचे मिळून ५,४३,२३१ झाले, तर ७७६ खासदारांचे ५,४३,२००. फरक फक्त ३१ चा. जम्मू-काश्मीरची विधानसभा त्या वेळी अस्तित्वात नव्हती म्हणून खासदाराचे मूल्य पूर्वीच्या ७०८ वरून ७०० वर आले. एक विधानसभा गेली की दिल्लीतल्या प्रत्येक खासदाराचे वजन त्या हिशेबाने कमी होते, इतकी ही दोन टोके एकमेकांना बांधलेली आहेत.

या सूत्रातली एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आमदारांची संख्या वाढवली तरी राज्याचे एकूण वजन वाढत नाही. प्रत्येकाचा वाटा तेवढा लहान होतो. महाराष्ट्राचे २८८ आमदार गुणिले १७५ म्हणजे ५०,४००, आणि ज्या १९७१ च्या जनगणनेवर हा हिशेब अजून चालतो तीत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख. राज्याचे वजन ठरते ते माणसांच्या संख्येवर. तमिळनाडूची लोकसंख्या आपल्यापेक्षा कमी असूनही तिथल्या आमदाराचे मत एका अंकाने मोठे आहे, कारण तिथे आमदार २३४ आहेत.

जगात या प्रश्नाला मिळालेली उत्तरे ढोबळमानाने तीन घराण्यांची आहेत. थेट लोकांकडून निवड करणाऱ्यांत फ्रान्स आहे. तिथे १९५८ ला द गॉल यांची निवड लोकप्रतिनिधींच्या मोठ्या मंडळाने केली, पण १९६२ च्या सार्वमतानंतर ती लोकांकडे गेली. आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष मात्र आपल्यासारखाच नामधारी आणि तरीही थेट निवडलेला, म्हणजे नेहरूंनी ज्याला विसंगती म्हटले ती तिथे सुरळीत नांदते आहे. शाह यांची बाजू अगदीच हवेतली नव्हती, हे त्यावरून कळते. दुसरे घराणे केवळ संसदेने निवड करणाऱ्यांचे. दक्षिण आफ्रिका त्यात मोडते. तिसरे मिश्र मंडळाचे. जर्मनीत संघीय संसदेचे सदस्य आणि तेवढ्याच संख्येने घटकराज्यांच्या विधिमंडळांनी पाठवलेले प्रतिनिधी एकत्र येऊन निवड करतात. थेट निवडलेल्या हिंडेनबर्ग यांच्या काळात लोकशाही कोसळलेली पाहिल्यावर त्या देशाने १९४९ मध्ये जाणीवपूर्वक हा मार्ग धरला. शेजारच्या नेपाळने २०१५ च्या संविधानात आपल्यासारखेच मतमूल्य स्वीकारले. अमेरिकेचे मंडळ या तिन्हींत नीट बसत नाही, कारण तिथले निर्वाचक एका दिवसापुरते निवडले जातात. त्या देशाच्या अनुभवातून उपाध्यक्षपदाबद्दल मात्र एक मोठा धडा मिळाला. १८०० साली जेफरसन आणि बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली, कोण अध्यक्ष आणि कोण उपाध्यक्ष हे ठरेना आणि प्रतिनिधीगृहाला ३६ वेळा मतदान करावे लागले. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने दोन्ही पदांची मते वेगळी केली. आपल्याकडे ती पहिल्यापासून वेगळी आहेत: मतदार वेगळे, वेळ वेगळी, पात्रताही थोडी वेगळी.

आपल्या निवडणुकांचा इतिहास वाचताना मला सर्वांत मोलाची वाटते ती पहिलीच, १९५२ ची. राजेंद्रबाबू ५,०७,४०० मते मिळवून निवडून आले, यात नवल नव्हते. त्यांच्यासमोर उभे होते प्रा. के. टी. शाह. थेट निवडणुकीची मागणी हरलेला माणूस अप्रत्यक्ष निवडणुकीत उतरला आणि त्याने ९२,८२७ मते मिळवली. निवडणूक बिनविरोध होऊ द्यायची नाही, ही त्यांची जिद्द आपल्या लोकशाहीच्या उपयोगी पडली. पुढे हीच परंपरा माजी सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी १९६७ मध्ये, न्या. एच. आर. खन्ना यांनी १९८२ मध्ये, न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८७ मध्ये आणि कॅप्टन लक्ष्मी सहगल यांनी २००२ मध्ये चालवली. हरणार हे माहीत असताना उभे राहिलेल्या या माणसांवर मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे, म्हणून या संग्रहात त्यांना मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

आणि मग १९६९. राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे ३ मे रोजी निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, आणि निवडणूक लढवण्यासाठी २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला. मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्याकडे राष्ट्रपतिपदाची सूत्रे आली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्यांच्या विरोधात अपक्ष गिरी. आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्यावर तिसरे प्रमुख उमेदवार चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे हेच ते सी. डी. देशमुख. इंदिरा गांधींनी आपल्याच पक्षाच्या उमेदवारासाठी पक्षादेश काढायला नकार दिला आणि सदस्यांना अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्यायला सांगितले.

पहिल्या पसंतीची मते मोजली गेली तेव्हा गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते होती. विजयासाठी हवी होती ४,१८,१६९. कोणीच तिथवर पोहोचले नाही. मग तळाचा उमेदवार बाद करायचा, त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती पाहायची आणि ती मते वाटून द्यायची, असे सुरू झाले. शेवटी देशमुखांच्या मतपत्रिकांची पाळी आली. त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती मुख्यतः रेड्डींना होती. या साऱ्या फेऱ्यांत रेड्डींना ९१,८७९ मते वाढून मिळाली, गिरींना फक्त १८,५६२. तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. आवश्यक कोट्यापेक्षा गिरींना जास्त पडलेली मते केवळ १,९०८. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या आजच्या मतमूल्याने मोजले तर अकरा आमदारांएवढीही नाहीत. दुसऱ्या पसंतीवर राष्ट्रपती ठरल्याचा भारतातला हा एकमेव प्रसंग. काही महिन्यांत काँग्रेस फुटली. निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि पदावर असलेले राष्ट्रपती गिरी स्वतः न्यायालयात साक्ष द्यायला हजर राहिले. याचिका फेटाळली गेली.

पक्षादेशाचा मुद्दा आजही तसाच आहे. या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षांतरबंदी कायद्याची टांगती तलवार मतदारावर नसते. पक्षही आघाडीशी बांधलेले राहतातच असे नाही: २००७ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही शिवसेना आघाडीच्या उमेदवाराला सोडून जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांच्या मागे उभी राहू शकली. २०१२ मध्ये प्रणब मुखर्जी यांच्या मागेही राहिली. २०२२ मध्ये नुकत्याच फुटलेल्या शिवसेनेच्या दोन्ही गटांनी द्रौपदी मुर्मू यांनाच पाठिंबा दिला.

न्यायालयीन लढायांत नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांचे नाव घ्यायलाच हवे. १९५७ मध्ये काही मतदारसंघांतल्या निवडणुका व्हायच्या होत्या. मतदार मंडळच अपुरे असताना राष्ट्रपतींची निवड कशी होते, असे विचारत ते सर्वोच्च न्यायालयात गेले. निवडणूक पूर्ण होण्याआधी वाद ऐकता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. पण प्रश्न मार्मिक होता. १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने, मंडळात जागा रिकामी आहे या कारणावरून निवडणूक अवैध ठरणार नाही, हे संविधानातच लिहून टाकले. १९७४ मध्ये गुजरात विधानसभा बरखास्त असताना हाच प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला, तेव्हा मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे असा सल्ला न्यायालयाने दिला.

उमेदवारांची गर्दी हा दुसरा प्रश्न. १९६७ मध्ये १७ उमेदवार होते. १९७४ मध्ये १० सूचक आणि १० अनुमोदकांची अट आली. १९९७ मध्ये ती राष्ट्रपतिपदासाठी ५० आणि ५०, उपराष्ट्रपतिपदासाठी २० आणि २० झाली, अनामत १५,००० रुपये. गर्दी हटली हे खरे. पण पक्षांबाहेरचा उमेदवार आता जवळजवळ अशक्य झाला, आणि माझ्या मते हा उपाय गरजेपेक्षा कडक आहे.

उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीबद्दल मला तीव्र मत आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. या निवडणुकीत फक्त संसदेचे सदस्य मतदान करतात; राष्ट्रपतिनियुक्त सदस्यही. सर्वांच्या मताचे मूल्य एक. राज्यांच्या विधानसभांना त्यात स्थान नाही. उपराष्ट्रपतींचे नेहमीचे काम राज्यसभा चालवण्याचे, म्हणून निवड संसदेने करावी, हा त्यामागचा युक्तिवाद. नेहमीच्या दिवसांत तो पटतो. पण राष्ट्रपतींचे निधन झाले तर हीच व्यक्ती सहा महिन्यांपर्यंत राष्ट्रपतींचे सर्व अधिकार वापरते. ११ फेब्रुवारी १९७७ रोजी फखरुद्दीन अली अहमद यांचे निधन झाल्यावर बी. डी. जत्ती यांनी ते वापरले. त्याच काळात जनता सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याची शिफारस त्यांच्यापुढे ठेवली. जत्तींनी आधी आढेवेढे घेतले, मग सही केली. ज्या विधानसभांना जत्तींच्या निवडीत एका मताचाही अधिकार नव्हता, त्यांचे भवितव्य जत्तींच्या सहीवर ठरले. संघराज्याच्या चौकटीत हे मोठे छिद्र आहे, आणि ते बुजवण्याचा विचार आपण केलेला नाही.

या पदाची वाटचालही बदलली. राधाकृष्णन ते के. आर. नारायणन यांच्यापर्यंत सहा उपराष्ट्रपती पुढे राष्ट्रपती झाले. १९९७ नंतर एकही नाही. काही लढती अगदीच एकतर्फी झाल्या: १९९२ मध्ये नारायणन यांना ७०० आणि प्रतिस्पर्ध्याला १ मत होते. महाराष्ट्राचा संबंध मात्र सतत येत राहिला: १९८४ मध्ये रिपब्लिकन नेते बी. सी. कांबळे वेंकटरामन यांच्याविरुद्ध उभे राहिले, २००२ मध्ये सुशीलकुमार शिंदे यांनी भैरोसिंह शेखावत यांच्याविरुद्ध ३०५ मते घेतली. जुलै २०२५ मध्ये जगदीप धनखड यांनी मुदतीआधी राजीनामा दिला आणि ९ सप्टेंबरला झालेल्या निवडणुकीत महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांनी गोव्याचे पहिले लोकायुक्त राहिलेले न्या. बी. सुदर्शन रेड्डी यांचा ४५२ विरुद्ध ३०० मतांनी पराभव केला. बाद झालेली मते १५. कायदे करणाऱ्या सभागृहातल्या १५ जणांचे मत बाद व्हावे, ही गंभीर बाब आहे.

नामधारी पदाच्या निवडणुकीवर एवढे कशाला लिहायचे, असे विचारणाऱ्यांना मी दोन सह्यांची आठवण करून देतो. एक २५ जून १९७५ च्या रात्रीची, आणीबाणीच्या घोषणेवरची. दुसरी महाराष्ट्राला चांगली माहीत आहे: २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राज्यातली राष्ट्रपती राजवट उठवल्याचे जाहीर झाले आणि सकाळी आठच्या सुमारास मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. बेचाळिसाव्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक केला, चव्वेचाळिसाव्याने तो एकदा परत पाठवण्याची मुभा दिली. एकदा थांबून ‘फेरविचार करा’ म्हणण्याचा हा अधिकार वापरण्याचे बळ कुठून येते? नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत पाठवली, तेव्हा ते दाखवून दिले. आपल्याला राज्यांनीही निवडले आहे, ही जाणीव ज्या राष्ट्रपतीला असेल त्याला ते बळ येते, असे मी मानतो. अप्रत्यक्ष निवडणुकीची बाजू मी घेतो ती याच कारणाने. शाह यांच्या भीतीला खरे उत्तर विधानसभांच्या मतात आहे. ते मत पक्षश्रेष्ठींच्या हवाली केले तर शाह बरोबर ठरतात.

आता हा विषय तातडीचा का झाला? मतमूल्य अजून १९७१ च्या लोकसंख्येवर मोजले जाते. १९७६ मध्ये ते गोठवले गेले, २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. १९७१ मध्ये आजच्या बिहारएवढ्या प्रदेशाची लोकसंख्या ४ कोटी २१ लाख होती आणि तमिळनाडूची ४ कोटी १२ लाख. म्हणून त्यांचे एकूण वजनही जवळजवळ सारखे, ४२,०३९ आणि ४१,१८४. २०११ मध्ये बिहार १० कोटी ४१ लाखांवर गेला आणि तमिळनाडू ७ कोटी २१ लाखांवर राहिला. २०११ चे आकडे धरून हिशेब केला तर बिहारच्या आमदाराचे मतमूल्य ४२८ येते, महाराष्ट्राचे ३९० आणि तमिळनाडूचे ३०८. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचा आवाज राष्ट्रपती निवडताना कमी होणार. मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर सध्या बरीच चर्चा चालू आहे. तिचा हा दुसरा परिणाम त्या चर्चेत क्वचितच येतो. समान माणसाला समान वजन हे तत्त्व एका बाजूला, चांगल्या कामगिरीची शिक्षा नको हा न्याय दुसऱ्या बाजूला. या संग्रहातल्या लेखकांचे या प्रश्नावर एकमत नाही आणि संपादक म्हणून मी त्यांना एका सुरात आणण्याचा प्रयत्न केलेला नाही.

घटना समितीतल्या चर्चा, निवडणुकांचे निकाल, न्यायालयीन निवाडे आणि इतर देशांचे अनुभव, असा या लेखांचा पसारा आहे. गणिताची धास्ती असलेल्या वाचकानेही तो वाचावा, म्हणून प्रत्येक हिशेब पायरीपायरीने दिला आहे. राष्ट्रपतींची चरित्रे इथे नाहीत. ती इतरत्र मिळतात. इथे आहे ती निवडीची रीत आणि तिच्यामागची माणसे.

राष्ट्रपती मुर्मू यांची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपते. त्याआधी निवडणूक होईल आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आपण निवडलेले आमदार तिच्यात मतदार असतील. गोव्यातल्या वाचकांचे चाळीस आमदारही असतील. पक्षाने नाव जाहीर केल्यावर आपल्या आमदाराला पत्र लिहा, भेटा, विचारा: तुम्ही पहिली पसंती कोणाला देणार, आणि का? त्यांच्यावर पक्षादेश नाही. उत्तर मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे.